आमच्या बॅगा दालनात मांडा, दुकानात नको

संग्रहालयाचे संचालक, प्रदर्शनाचे क्युरेटर आणि निवड समितीच्या सदस्यांना खुलं पत्र

सविनय नमस्कार.

हँडबॅग या विषयावरच्या आपल्या आगामी प्रदर्शनात एक दालन नवोदित कलाकारांसाठी राखून ठेवलं आहे, असं आपण जाहीर केलं होतं. पूर्णपणे हाताने घडवलेल्या, एकीसारखी दुसरी नसलेल्या कुटूर बॅगांच्या प्रवेशिका मागवल्या होत्या. छाननी झाली, निवड झाली, आम्हा नऊ जणांना निवडीचं पत्र आलं आणि आमच्या बॅगा आपल्याकडे पोचल्या. त्यानंतर अकरा आठवडे काहीच कळलं नाही. मग दुसरं पत्र आलं, चार ओळींचं. जागेच्या फेरनियोजनामुळे ते दालन रद्द झालं आहे. निवड झालेल्या कलाकारांना आपल्या बॅगा संग्रहालयाच्या दुकानात विक्रीसाठी ठेवता येतील. कमिशनचा दर सोबत जोडला आहे.

त्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या, मोजल्या नाहीत. राग शेवटच्या ओळीचा आला. दालन रद्द होऊ शकतं, अडचणी येतात, हे मी समजू शकते. पण प्रदर्शनासाठी निवडलेली वस्तू प्रदर्शनातून काढून दुकानाच्या फळीवर ठेवणं म्हणजे तिची सोय लावणं, असं आपल्याला वाटलं, ते मला मान्य नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. माझं भांडण एका इमारतीशी नाही. हे काम करणाऱ्या ज्यांच्याशी ज्यांच्याशी मी बोलले, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने असंच पत्र आलेलं आहे. त्यामुळे जिथे जिथे हँडबॅगचं प्रदर्शन भरतं, तिथल्या निवड समितीने हे आपल्याला लिहिलंय असं समजावं.

आधी माझ्या बॅगेबद्दल सांगते, म्हणजे मी एवढी का तळमळून लिहितेय ते कळेल.

ती दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढीच आहे. बाजू घड्यांच्या आहेत, भात्यासारख्या. बंद असताना चपटी दिसते, उघडली की चौदा घड्या एकामागून एक सुटतात. चामडं वनस्पतींच्या सालींत कमावलेलं आहे. असं चामडं घडीवर तडकतं, म्हणून प्रत्येक घडीच्या रेषेवर ते रापीने तासून निम्म्याहून पातळ करावं लागतं. हात जरा जड पडला की आरपार भोक, आणि अख्खा तुकडा बाद. पहिले तीन तुकडे असेच गेले. शिलाई एका दोऱ्याने, दोन सुयांनी. आरीने भोक पाडायचं, एक सुई डावीकडून घालायची, दुसरी उजवीकडून त्याच भोकातून काढायची, मग दोन्ही हातांनी सारख्याच जोराने ओढायचं. जीनसाज शिवणाऱ्यांची ही जुनी पद्धत. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. त्यांतला एक तुटला की शिलाई सुटत जाते. आमच्या टाक्यात एक बाजू झिजली तरी दुसरी धरून राहते. कडा घासायच्या, रंगाचा हात द्यायचा, वाळला की गरम हत्याराने दाबायच्या, पुन्हा घासायच्या, पुन्हा रंग. असं सहा वेळा. आत रेशमी अस्तर आहे आणि त्यावर भरतकाम, तेही घड्यांच्या आतल्या अंगाला. बॅग पूर्ण उघडल्याशिवाय ते दिसत नाही. बॅग ही आत काहीतरी सांभाळणारी वस्तू आहे, म्हणून सगळ्यात देखणी जागा आत असावी, एवढंच माझं त्यामागचं म्हणणं होतं. चार महिने लागले.

आता तक्रारी.

पहिली तक्रार दिलेल्या शब्दाची. निवडीच्या पत्रावर विसंबून आमच्यातल्या दोघांनी हातातली दुसरी कामं सोडली. एकाने ती बॅग विकत घेऊ पाहणाऱ्याला 'प्रदर्शन संपेपर्यंत थांबा' म्हणून सांगितलं. तो थांबला नाही. दालन रद्द करायचा विचार सुरू झाला तेव्हा नऊ फोन करायला कितीसा वेळ लागला असता? आम्ही जागा कमी करून घ्यायला तयार झालो असतो. एका भिंतीवर, जिन्याच्या वळणावर, जिथे म्हणाल तिथे मांडलं असतं. कुणी विचारलंच नाही.

दुसरी तक्रार दुकानाची, आणि माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी आहे.

दुकानाला मी कमी लेखत नाही. माझं पोट विक्रीवरच चालतं. पण दालन आणि दुकान यांत फरक कशाचा आहे, ते संग्रहालय चालवणाऱ्यांना सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. दालनात मांडलेल्या वस्तूची नोंद होते. तिचं छायाचित्र निघतं, मोजमाप लिहिलं जातं, ती कशाची आहे, कुणी केली, कधी केली हे कागदावर येतं. बॅग पुढे कुणाच्याही घरी गेली तरी तो कागद उरतो. पन्नास वर्षांनी कुणाला या काळातल्या हातकामाबद्दल काही शोधायचं असेल तर तो कागद त्याच्या हाती लागतो. दुकानातून गेलेल्या वस्तूची पावती तेवढी फाटते.

लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात पितळेची एक बॅग आहे. उत्तर इराकमधल्या मोसुलची, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची. सगळ्या अंगावर सोन्याचांदीचं जडावकाम. झाकणावर दरबारी मेजवानीचं दृश्य आहे आणि त्या दृश्यातच एक सेवक अशीच बॅग घेऊन उभा आहे. ही वस्तू नेमकी कशासाठी होती यावर अभ्यासकांत बराच खल झाला. ती बॅग आहे, एका उच्चकुलीन स्त्रीची बॅग आहे, हे सांगायला ते चित्र उपयोगी पडलं. 2014 मध्ये कोर्टोल्डने या एका बॅगेभोवती अख्खं प्रदर्शन उभं केलं. त्या एका वस्तूतून मोसुलची धातूकला, मंगोल राजवटीतला दरबार, तिथल्या स्त्रियांचं स्थान, एवढं सगळं उलगडून दाखवता आलं. सातशे वर्षांपूर्वी पितळेत चांदीची तार ठोकून बसवणारा तो माणूस कोण, हे मात्र आपल्याला ठाऊक नाही. त्याच्या कामाची नोंद त्याच्या हयातीत कुणी ठेवली असती तर अभ्यासकांचे किती कष्ट वाचले असते! आमची नोंद आज ठेवता येण्यासारखी आहे. आम्ही हयात आहोत, विचाराल ते सांगायला तयार आहोत.

नव्या माणसाचं काम संग्रहालयाने घेतल्याने काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. एमिली जो गिब्स या ब्रिटिश कलावतीने 1996 मध्ये घोडचेस्टनट झाडाच्या फळावरून एक छोटी हँडबॅग केली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. फॅशनच्या मोठमोठ्या घराण्यांच्या बॅगा ज्या संग्रहात आहेत, त्याच संग्रहात. माझ्यासारखीने ती पाहिली की तिला कळतं, की एकटीने टेबलाशी बसून केलेल्या कामालाही तिथे जागा असते. आमच्या नऊ जणांतली सगळ्यात लहान मुलगी बावीस वर्षांची आहे. तिला आपल्या पत्रातून कळलं ते एवढंच, की तिची जागा बाहेर पडायच्या दाराजवळ आहे.

आणि या वस्तूसाठी जागा वाढत नाहीत, कमी होत आहेत. हेंड्रिकिए इव्हो या डच बाईंना 1820 च्या सुमाराची, कासवाच्या पाठीपासून केलेली, शिंपल्याचं जडावकाम असलेली एक बॅग सापडली आणि त्यांचा संग्रह सुरू झाला. 1996 मध्ये त्यांनी राहत्या घरात फक्त बॅगांचं संग्रहालय उघडलं. 2007 मध्ये ते ॲम्स्टरडॅमच्या कालव्याकाठच्या मोठ्या वास्तूत गेलं. पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या. 2020 च्या साथीत ते कायमचं बंद पडलं. अशी खास संग्रहालयं टिकत नसतील तर आपल्यासारख्या सर्वसाधारण संग्रहालयांवरची जबाबदारी वाढते.

तिसरी तक्रार 'व्यावसायिक' या शब्दाची. पत्रानंतर मी फोन केला तेव्हा आपल्या कार्यालयातून सांगण्यात आलं, की नवोदितांच्या बॅगा विक्रीसाठी असतात, त्यामुळे त्या दालनात मांडल्या तर प्रदर्शनाला व्यापारी रंग येतो. ही काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1983 मध्ये इव्ह सँ लोराँ यांच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा डिझायनर हयात आहे, त्याचा धंदा चालू आहे, मग ही जाहिरातच नव्हे का, अशी टीका झाली होती. त्यानंतर तिथल्या कॉस्च्युम इन्स्टिट्यूटने, म्हणजे वेशभूषा विभागाने, एकाच हयात डिझायनरवर प्रदर्शन भरवलं ते थेट 2017 मध्ये, रेई कावाकुबो यांच्यावर. म्हणजे हा प्रश्न जुना आहे आणि जाणत्या लोकांनी त्यावर विचार केलेला आहे.

पण मग हा नियम सगळ्यांना सारखा लावा. आपल्या प्रदर्शनाच्या उरलेल्या दालनांत ज्या घराण्यांच्या बॅगा आहेत, त्यांची दुकानं आजही चालू आहेत. त्यांची तीच बॅग त्याच आकारात आज विकत मिळते. शनेल या घराण्याची '2.55' ही बॅग तिच्या जन्माच्या महिन्यावरून, फेब्रुवारी 1955 वरून ओळखली जाते आणि तिची नवी आवृत्ती आजही तयार होते. ती मांडली तर इतिहास आणि माझी मांडली तर व्यापार, हे कसं? मोठ्या कंपनीने प्रायोजक व्हायलाही माझी हरकत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं 2020 मध्ये उघडलेलं बॅगांचं मोठं प्रदर्शन मलबेरी या बॅग बनवणाऱ्या कंपनीच्याच प्रायोजकत्वाने झालं. प्रदर्शनाला पैसा लागतो, तो कुठून तरी यायचाच. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या कारणासाठी आम्हाला दालनाबाहेर काढलं ते कारण दालनातल्या प्रत्येक बॅगेला लागू पडतं. आणि विक्रीचा डाग नको म्हणून ज्यांना बाहेर काढलं, त्यांनाच विक्रीच्या फळीवर बसायला सांगितलं, यातली विसंगती आपल्या कुणाच्याच लक्षात आली नाही का?

माझी ती बॅग विकायला काढलेली नव्हती, हेही सांगून ठेवते. अर्जात तसा रकाना होता. मी 'नाही' लिहिलं होतं.

चौथी तक्रार खर्चाची. प्रवेशिकेला शुल्क होतं. बॅग पाठवायचा खर्च आमचा, परत आणायचा आमचा, विमाही आमचाच. विम्यासाठी किंमत ठरवायची, तर 'यापूर्वी विकल्या गेलेल्या कामाची पावती' हवी. नवोदित माणसाने ती कुठून आणायची? पावती नाही म्हणून आमच्यातल्या चौघांच्या बॅगा विम्याशिवायच आल्या आणि गेल्या. त्यावर पुन्हा अट, की कलाकाराने आधी किमान तीन प्रदर्शनांत भाग घेतलेला असावा. दालन नवोदितांसाठी आणि दार मात्र मुरलेल्यांसाठी. या अटीत न बसणाऱ्या कितीतरी हुशार मुली मला ठाऊक आहेत. त्यांनी अर्जच केला नाही.

कॅनडात 1988 मध्ये कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि त्या वर्षीच्या 7 जूननंतर केलेली कलाकृती विक्री किंवा भाड्याच्या हेतूशिवाय लोकांसमोर मांडायची असेल, तर तो हक्क कलाकाराचा मानला गेला. त्यातूनच तिथे मांडणीचं मानधन मागायला कायद्याचा आधार मिळाला. यामागचा विचार अगदी साधा आहे. संग्रहालयात वीजवाल्याला, सुताराला, पहारेकऱ्याला, पाट्या छापणाऱ्याला पैसे मिळतात. मग ज्याच्या कामासाठी लोक येतात तो एकटाच पदरमोड करून का येतो? आम्ही मोठी रक्कम मागत नाही. स्वतःच्या खिशातून घालावं लागू नये, इतकंच.

पाचवी तक्रार लिहिताना अजूनही हात थरथरतो. बॅग परत आली तेव्हा तिचं हँडल लांबलं होतं.

खोकं उघडल्याबरोबर कळलं. हँडल जिथे अंगाला जोडलेलं आहे तिथे मी दोन्ही बाजूंना अकरा-अकरा टाके घातले होते. डावीकडच्या वरच्या चार टाक्यांची भोकं गोल राहिली नव्हती, ओढ बसून लांबट झाली होती. चामड्यावर आडवी सुरकुती, बरोबर एखाद्या खुंटीच्या जाडीची. बॅग टांगून ठेवली होती, आठवडेच्या आठवडे. घड्या स्वतःच्याच वजनाने सुटल्या होत्या आणि आतलं भरतकाम एका कडेला चिमटलं होतं. मी ते खोकं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

संग्रहालयातल्या लोकांना हे शिकवायची गरज नसते. बॅग हँडलने उचलायची नाही, खालून आधार द्यायचा; टांगायची नाही; आत आम्लमुक्त कागदाचे बोळे भरून आकार धरून ठेवायचा. हे आपल्याच क्षेत्रातले नियम आहेत, मी तिथूनच शिकले. रंगवलेल्या रेशमावर प्रकाश साधारण 50 लक्सच्या आसपास, म्हणजे मंदच, ठेवतात, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. मग निवडलेल्या बॅगा आल्या त्या दिवशी त्यांची स्थिती कुणी का लिहून घेतली नाही? उसनी वस्तू दारात आली की तिची तपासणी, छायाचित्रं, दोन्ही पक्षांच्या सह्या, ही तर पहिली पायरी. नामवंत घराण्यांकडून आलेल्या बॅगांचं हे सगळं झालंच असणार. आमच्या बॅगांचं झालं नाही. आता हँडल आपल्याकडे ताणलं गेलं की वाटेत, हे सिद्ध करायला माझ्या हातात एकही कागद नाही. आणि दुकानात ठेवली असती तर दिवसभर लखलखीत दिव्यांखाली, येणाऱ्याजाणाऱ्याने उघडून मिटून पाहत, त्या रेशमाचं काय झालं असतं, हा विचार प्रस्ताव देताना व्हायला हवा होता.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगते. आपल्या संवर्धन विभागाने साहित्याची यादी मागितली होती: कोणतं चामडं, कोणता गोंद, कोणता रंग, धातू कुठला. काही कलाकारांना ती कटकट वाटली. मला ती मागणी रास्त वाटली. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जुनं होताना चिकट होतं, त्यातून बाहेर पडणारी वाफ शेजारच्या वस्तू खराब करते. काचपेटीत वापरायच्या साहित्यासाठी तर ऑडी चाचणी असते: चांदी, शिसं आणि तांब्याच्या पट्ट्यांसोबत ते साहित्य 60 अंशांवर 28 दिवस बंद ठेवतात आणि पट्ट्या काळवंडतात का ते पाहतात. अशी कसोटी लावा, अजून कडक लावा. आम्हाला कसोटीचं भय नाही. निवडही कठोरच करा. नऊपैकी तीनच बॅगा दालनाच्या लायकीच्या आहेत असं समितीला वाटलं आणि त्यांत माझी नसली, तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

सहावी तक्रार नावाची. पहिल्या आराखड्यात आमच्या दालनाची एकच पाटी होती: 'नवोदित हस्तकारागीर'. नऊ जणांची मिळून एक पाटी. मोठ्या घराण्याच्या प्रत्येक बॅगेला मात्र स्वतंत्र पाटी, घराण्याचं नाव, साल, आणि ती कुणी वापरली तेसुद्धा.

या क्षेत्रात नाव कसं हरवतं त्याची एक गोष्ट सांगते. 1953 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीच्या समारंभात त्यांच्या पत्नी मेमी आयझनहॉवर यांच्या हातात जी बॅग होती, ती फॅशन डिझायनर नेटी रोझेनस्टाइन यांच्या नावाने ओळखली गेली. घडवली होती त्यांच्याकडे कामाला असलेल्या ज्युडिथ लीबर यांनी. बुडापेस्टमध्ये शिकलेल्या, युद्धातून वाचलेल्या, न्यूयॉर्कला आलेल्या लीबरबाई तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हत्या. 1963 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पुढे मुलामा बिघडून डागाळलेल्या धातूच्या बॅगा त्यांच्याकडे आल्या, तेव्हा डाग झाकायला त्यांनी त्यांवर खडे बसवले, आणि त्यातूनच त्यांच्या जगप्रसिद्ध स्फटिकजडित बॅगा जन्माला आल्या. आज मोठमोठ्या संग्रहालयांत त्यांचं काम त्यांच्या नावाने आहे. पण त्यांनी स्वतःचं नाव लावायचं ठरवलं नसतं तर? 1980 च्या दशकात अभिनेत्री आणि गायिका जेन बर्किन यांच्यासाठी केलेली पहिली बर्किन बॅग घ्या. लंडनच्या त्या 2020 च्या प्रदर्शनात ती होती, 2025 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या लिलावात ती 86 लाख युरोंना गेली. ती कुणाची, तिला नेलकटर कसं अडकवलेलं होतं, सगळं छापून आलं. ती शिवणाऱ्या हातांचं नाव मी आजवर कुठेही वाचलेलं नाही.

यात माझीही चूक आहे, ती इथेच कबूल करते. माझ्या बॅगेतलं भरतकाम माझं नाही. ते एका ताईंनी केलं आहे, त्या तीस वर्षं सुईकाम करत आहेत. अर्जात कलाकाराच्या नावाला एकच ओळ होती. मी माझं नाव लिहिलं आणि पुढे गेले. ताईंनी काही विचारलं नाही, पण मला ते टोचत राहिलं. त्यांचं नाव जाहीर करायला त्यांची परवानगी हवी, म्हणून इथे लिहीत नाही. पाटीवर मात्र ते असलं पाहिजे.

आता आमच्या मागण्या. आम्ही नऊ जणांनी मिळून त्या ठरवल्या आहेत.

निवडलेल्या बॅगा याच प्रदर्शनात, प्रदर्शनाच्या आतच मांडाव्यात. संपूर्ण दालन देणं शक्य नसेल तर नऊ काचपेट्यांपुरती जागा द्यावी. तेही खरोखरच अशक्य असेल तर पुढच्या कोणत्या प्रदर्शनात आणि कोणत्या तारखेला, हे लेखी कळवावं.

दुकानाचा प्रस्ताव मागे घ्यावा. प्रदर्शन संपल्यावर एखाद्याला विक्रीला ठेवायची असेल तर तो त्याचा निर्णय; प्रदर्शनाच्या बदल्यात तो पुढे करू नये.

नवोदितांच्या प्रवेशिकेला शुल्क नसावं. वाहतूक आणि विमा संग्रहालयाने करावा, कलाकाराच्या दारातून उचलल्यापासून पुन्हा दारात पोचवेपर्यंत. विम्यासाठी विक्रीची पावती मागू नये. साहित्य आणि कामाचे दिवस धरून किंमत ठरवता येते. थोडं का होईना, मांडणीचं मानधन द्यावं.

पूर्वीच्या तीन प्रदर्शनांची अट काढून टाकावी.

बॅग येताना आणि जाताना तिच्या स्थितीची छायाचित्रांसह नोंद व्हावी आणि त्याची प्रत कलाकाराला मिळावी. ज्या बॅगांना इजा झाली आहे त्यांची आपल्या संवर्धकाने पाहणी करावी. माझ्याशिवाय आणखी दोघांच्या बॅगा आहेत.

प्रत्येक बॅगेला वेगळी पाटी, आणि पाटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव. अर्जात त्यासाठी पुरेशा ओळी ठेवाव्यात.

निवड समितीत स्वतः हाताने बॅग घडवणारी निदान एक व्यक्ती असावी. सध्याच्या समितीत कोण कोण आहे ते आम्ही पाहिलं. सगळे जाणकार आहेत, त्यांच्या अभ्यासाबद्दल आदर आहे. पण टाका उलट बाजूने पाहायची सवय असलेलं कुणी त्यांत नाही.

मांडणीचं काम सुरू होण्याआधी याचं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. भेटायला बोलावलं तर आम्ही नऊही जण येऊ. संग्रहालयांच्या जागतिक परिषदेने ऑगस्ट 2022 मध्ये प्रागला संग्रहालयाची नवी व्याख्या मान्य केली. त्यात सर्वांना सामावून घेणं आहे, लोकसमूहांचा सहभाग आहे. त्या व्याख्येचा उल्लेख आपल्या संकेतस्थळावर पहिल्याच पानावर आहे, म्हणून त्याची आठवण करून देते.

बॅग सध्या माझ्या टेबलावर आहे. टांगलेली नाही, आत कागदाचे बोळे भरून बसवून ठेवली आहे. हँडल बदलायला नवं चामडं कापून तयार आहे, पण जुने टाके मी अजून उसवलेले नाहीत. आपल्या संवर्धकांनी ते आहेत तसे पाहावेत आणि लिहून घ्यावेत, म्हणून थांबले आहे. नोंद झाली की दुरुस्तीला मला चार दिवस लागतील. पाचव्या दिवशी बॅग पाठवू शकते.

आपली नम्र,
निवड झालेल्या नऊ जणांपैकी एक